आभाराची सोळा पानं

१२ जून

आज वर्गात पहिल्या बाकावर बसलो. हा बाक मी गेल्या वर्षीच सुताराकडून दुरुस्त करून घेतला होता. तेव्हा फक्त डुगडुगत नाही ना एवढंच पाहिलं होतं. बसल्यावर कळलं की गुडघे वर टेकतात.

पंचवीस वर्षं मी या धर्मविद्यालयाची पुस्तकं बांधतो आहे. ग्रंथालयाच्या मागची खोली, सुई-दोरा, खळ, पुठ्ठे आणि दाबाचा शिकंजा हा माझा संसार. पुस्तकांच्या आत काय आहे ते चोरून वाचत आलो. पोस्टाने अभ्यास करून पदवी घ्यायला नऊ वर्षं लागली. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला आहे. सकाळी आठ ते अकरा विद्यार्थी, त्यानंतर पुन्हा बांधणारा. प्राचार्य म्हणाले, "खोली तीच, फक्त दार दुसरं." मला हे वाक्य आवडलं.

बायकोने जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी शिवून दिली. मी म्हटलं, पाठीवरचं दप्तर शिव. तर म्हणाली, "अहो, या वयात पाठीवर शोभत नाही. खांद्याला अडकवा आणि गुमान जा." लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, डबा घेतला? बाटली घेतली? कुणी चिडवलं तर बाईंना सांगायचं हं."

कुणी चिडवलं नाही. सगळे मला काका म्हणतात. देवाचे आभार.

२० जून

ग्रीकचा पहिला तास. ही अक्षरं मी शेकडो पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी वर्खाने उमटवली आहेत, पण ती बोलतात कशी ते माहीत नव्हतं. मी त्यांना माझी नावं ठेवली होती : हा मासा, हा काटा-चमचा, हे दार, ही वाकडी खुर्ची. आज शिक्षकांनी फळ्यावर एक अक्षर काढून विचारलं, "हे कोण ओळखेल?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काटा-चमचा." वर्ग पाच मिनिटं हसला. आता सगळी मुलं त्याला काटा-चमचाच म्हणतात. शिक्षकसुद्धा एकदा चुकून म्हणाले.

घरी सांगितलं तर बायको इतकी हसली की मशीनवरचा टाका सुटला.

३ ऑगस्ट

आज तळटीप सरांचा पहिला तास. हे नाव मुलांनी ठेवलेलं आहे, पण सरांना ते ठाऊक आहे आणि आवडतं असा माझा अंदाज. एक वाक्य बोलतात आणि मग म्हणतात, "याला एक तळटीप." ती तळटीप दहा मिनिटं चालते. परवा कँटीनमध्ये म्हणाले, "एक चहा. तळटीप : साखर नको."

आज ते संस्थापकांची वही घेऊन आले. विद्यालय ज्यांनी सुरू केलं त्यांनी प्रार्थनेवर लिहिलेली चाळीस सुटी पानं, एकुलती एक प्रत. त्यांचा मुलगा गेला त्या वर्षी लिहिलेली. एकवीस वर्षांपूर्वी ती पानं मी शिवून बांधली आणि त्याच सालापासून सर ती शिकवताहेत. निळी कापडी पाठ अजून जशीच्या तशी आहे. सर ती उघडत होते तेव्हा मी माझ्या टाक्यांकडे बघत होतो. गर्व वाईट, पण थोडा झाला.

सरांचं म्हणणं असं. पहिल्या सोळा पानांत संस्थापक देवाचे आभार मानतात, पाण्याचे, छपराचे, शेजाऱ्याचे. पुढच्या चोवीस पानांत देवाकडे तक्रार करतात. शेवटची ओळ आहे : 'अजून उत्तर आलेलं नाही.' बस, वही संपली. सर म्हणाले, "दुसऱ्या कुणीही आधी रडून घेतलं असतं आणि मग आभार मानून विषय मिटवला असता. हा माणूस आधी आभार मानतो आणि मग तक्रारीला शेवटचा शब्द देतो. ती झाकत नाही. मुलांनो, मी जगभरची प्रार्थनेची पुस्तकं वाचली, हे धाडस मला इथेच दिसलं."

 माझी आई गेली तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकांनी हेच सांगितलं होतं. तेही सरांचेच विद्यार्थी. तेव्हापासून मी रोज आधी आभार मानतो. तक्रारीपर्यंत मात्र पोचतच नाही, कामाची वेळ होते.

१८ डिसेंबर

ग्रीकमध्ये काठावर पास. इतिहासात वर्गात दुसरा. लेकीने निकालाचा कागद स्वयंपाकघरात चिकटवला, लहानपणी आम्ही तिचा चिकटवायचो तिथेच. बायको म्हणाली, "पुढच्या वेळी ग्रीकला जरा मेहनत घ्या. पोरगी ऐकते आहे."

१७ जून

दुसरं वर्ष सुरू. प्रबंध लिहायचा आहे. विषय कोणता घ्यावा म्हणून तळटीप सरांकडे गेलो. ते म्हणाले, "काका, संस्थापकांची वही तुमच्या हातातून गेली आहे. 'प्रार्थनेतला क्रम' हा विषय घ्या. मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. त्याच वेळी माझंही याच क्रमावरचं पुस्तक छापून येईल. तुमचा प्रबंध आणि माझं पुस्तक, दोघं जोडीने बाहेर पडू. तळटीप : माझ्या पुस्तकाची पहिली प्रत तुम्हीच बांधायची. चामड्यात."

सर पुस्तकावर अकरा वर्षं काम करताहेत. मी होकार देऊन बाहेर आलो आणि जिन्यावर उभं राहून नाक पुसलं.

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "कुठली वही? ती निळ्या पाठीची?" मी म्हटलं, तुला आठवते? ती म्हणाली, "आठवणार नाही तर काय," आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

६ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे मला तरी समजेल.

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात वहीचं वर्णन द्यायचं असतं : कागद कसा, शाई कोणती, शिलाई कशी. हे काम माझ्या सवयीचं. ग्रंथपालबाईंनी वही काढून दिली आणि मी भिंग घेऊन बसलो. पानांना आकडे नाहीत. प्रत्येक भाग नव्या पानावर सुरू होतो. कागदावर कुठे कुठे किडीने पाडलेलं बारीक भोक आहे. बांधण्याआधीचं, कारण पुठ्ठ्याला ते नाही. मोहरीएवढं.

मी सवयीने ते भोक मोजत गेलो. बांधणारा भोकाकडे बघतोच, चिकटपट्टी कुठे लावायची ते ठरवायला. कीड सरळ रेषेत जात नाही, पानागणिक सुताएवढी सरकते. पण ती कधी उडी मारत नाही.

आभाराच्या पहिल्या पानावर भोक समासाच्या अगदी जवळ आहे. नवव्या पानावर ते संपतं. दहा ते सोळा, भोक नाही. सतरावं पान, म्हणजे तक्रारीचं पहिलं, आणि तिथे भोक पुन्हा हजर, पानाच्या बरोबर मध्यावर. तिथून सरकत सरकत चाळिसाव्या पानावर समासाजवळ येतं.

चाळिसावं पान आणि पहिलं पान मी एकमेकांवर धरून खिडकीसमोर उचललं. दोन्ही भोकांतून एकच उजेड आला.

म्हणजे संस्थापकांनी आधी तक्रार लिहिली आणि मग आभार. साध्या माणसासारखं. उलटा क्रम त्यांचा नाही, बांधणीचा आहे. बांधणी माझी आहे.

बावीस वर्षं सर माझी चूक शिकवताहेत.

७ नोव्हेंबर

तो दिवस आठवून पाहिला. तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पानं झटकून मी शिकंज्यावर ठेवली होती आणि खळ शिजवायला कँटीनच्या शेगडीवर गेलो होतो. परत आलो तर बायको डबा घेऊन येऊन बसलेली. म्हणाली, वाऱ्याने पानं पडली होती, गोळा करून ठेवली. खळ थंड होत होती म्हणून मी लगेच शिवायला घेतलं. ती बराच वेळ तिथेच बसून होती. अक्षर सुंदर आहे म्हणाली. मला ते जुन्या वळणाचं अक्षर तेव्हा अजिबात लागत नव्हतं. तिचे आजोबा गावात लोकांची पत्रं लिहून द्यायचे, त्यांचं वळण तसंच होतं म्हणे.

तिने बिचारीने नुसती गोळा करून दिली, तिचा काय दोष. मीच झटकताना खालीवर केली असणार. शिवण्याआधी एकदा तपासायला हवी होती. पण ते दिवस आमचे बरे नव्हते. आमचं पहिलं मूल त्याच महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याविषयी आम्ही बोलत नाही. मी तेव्हा काम वाढवून घेतलं होतं.

१० नोव्हेंबर

बायकोला सांगितलं. ती गाऊनला गळपट्टी लावत होती. पाय मशीनवर थांबला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"भोकावरून."

"भोकावरून!" ती म्हणाली.  मग, "सरांना फार लागेल का हो?"

"अकरा वर्षांचं काम आहे. छापखान्यात गेलंय."

"आणि तुमची पदवी?"

"माझा प्रबंधच त्या क्रमावर आहे. खरं सांगितलं तर प्रबंध गेला. नाही सांगितलं तर पदवी मिळेल, पण मग प्रार्थनेला कोणत्या तोंडाने बसू?"

"चूक करणाऱ्याला काय करतात तिथे?"

"काय करणार? माझीच खोली आहे, मलाच ओरडतील." मी हसवायला म्हणालो, पण ती हसली नाही. उगाच जिवाला लावून घेते.

१४ नोव्हेंबर

बायकोने आज सरांच्या कोटाला नवं अस्तर लावून पाठवलं. त्यांनी मागितलं नव्हतं. मला म्हणाली, "फाटलंय, मागच्या रविवारी उपासनेत दिसलं." पैसे घेऊ नका असंही बजावलं. सर चकित. मीही.

लेक सुट्टीवर आली आहे. सगळं ऐकून म्हणाली, "पप्पा, तुम्ही आईला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"काहीही."

"तिला शिवणातलं कळतं गं. हे धर्मशास्त्र आहे."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं जसं ती औषध न घेणाऱ्या पेशंटकडे बघत असेल.

२१ नोव्हेंबर

दहा दिवस नुसतीच तालीम केली. देवाला म्हटलं, मला शब्द दे. शब्द आले नाहीत. शेवटी वही आणि भिंग घेऊन सरांच्या खोलीत गेलो, दोन पानं खिडकीसमोर धरली आणि म्हणालो, "सर, इथून बघा."

सरांनी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. मी सगळं सांगितलं : खळ, वारा, झटकणं. ते खुर्चीत बसले. पहिल्यांदाच तळटीप नाही. एवढंच म्हणाले, "दार लावून घ्या जाताना."

मी दार लावून घेतलं.  मनावरचं ओझं उतरलं, हे खोटं कशाला लिहू. मला भूकसुद्धा लागली.

२८ नोव्हेंबर

आठवडा झाला, सरांचे तास बंद. मुलं मला विचारतात, "काका, सर आजारी आहेत का?" मी म्हणतो, माहीत नाही. हे खोटंच. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "वही उसवून मूळ क्रमाने पुन्हा बांधणार का?" मी म्हटलं, सर सांगतील तसं.

वर्गात ग्रीकच्या शिक्षकांनी काटा-चमचा काढला तरी हसू आलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

२ डिसेंबर

सर आज खोलीवर आले. माझ्या खोलीवर! बसायला जागा नव्हती, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसले. नव्या अस्तराचा कोट घातला होता.

"काका, तीन दिवस मी तुमच्यावर रागावलो. चौथ्या दिवशी संस्थापकांवर. पाचव्या दिवशी स्वतःवर, कारण बावीस वर्षांत मी त्या भोकाकडे एकदाही पाहिलं नाही. सहाव्या दिवशी झोपलो. सातव्या दिवशी एक प्रश्न पडला."

"कोणता?"

"वाऱ्याने पानं पडली तर ती कशीही मिसळतील. एक आभाराचं, दोन तक्रारीची, एक उलटं. पण इथे सोळाच्या सोळा आभाराची नेमकी पुढे, चोवीस नेमकी मागे. आतला क्रम अचूक. तुम्ही झटकून हे होत नाही. हे कुणीतरी वाचून लावलंय. तुम्ही वाचली होती?"

"नाही सर. मला ते अक्षर लागत नव्हतं."

"मग कोण?"

मी खूप विचार केला. आधीचा ग्रंथपाल? तो तर त्या वर्षी रजेवर होता. कँटीनवाला? त्याला वाचनाचा कंटाळा. मी म्हटलं, "सर, देवच जाणे."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कोटाच्या अस्तरावरून हात फिरवला आणि का कोण जाणे हसायला लागले. "काका, तुम्ही फार चांगले बांधणारे आहात. तळटीप : प्रबंध रद्द नाही. भोकापासून सुरू करा. मी छापखान्याला थांबवलंय."

देवाचे आभार. हजार वेळा आभार. पण ते हसले का?

१९ जानेवारी

लिहितो आहे. तक्रारीचा मूळ क्रम, आभाराचा मूळ क्रम, कीड कुठून शिरली, कुठे संपली. 'अज्ञात संकलक' असं एक प्रकरण करायला सरांनी सांगितलं : कुणी, का, कोणत्या मनःस्थितीत. या प्रकरणात एकच ओळ झाली आहे. 'संकलक कोण ते कळत नाही.'

बायको रोज विचारते, "तो भाग झाला का?" मी म्हणतो, अडकलंय. तिने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का. मीठ बरोबर होतं.

१४ मार्च

आज तोंडी परीक्षा. सगळं लिहितो, हाताला गोळा आला तरी.

सभागृह. समोर सर, आणि दुसऱ्या विद्यालयातून आलेल्या परीक्षक बाई. बारीक चणीच्या, पांढरे केस, पेन्सिल कानावर. घरच्यांना मागे बसायची परवानगी असते. बायको आणि लेक शेवटच्या रांगेत. बायकोने चांगले कपडे घातले होते पण हातात शिवणाची टोपडी होती. रिकामी बसता येत नाही तिला.

परीक्षक बाईंनी ग्रीकचं एकच विचारलं, देवाची दया. चाळीस मिनिटं वहीवर. भोकाचं त्यांना फार आवडलं. "मी तीस वर्षं हस्तलिखितं वाचते," त्या म्हणाल्या, "किडीला साक्षीदार म्हणून उभं केलेलं पहिल्यांदा पाहिलं." सगळे हसले. माझी भीती गेली.

मग त्या म्हणाल्या, "पण 'अज्ञात संकलक' या चौथ्या प्रकरणात एकच ओळ आहे. हा क्रम लावला कुणी? आणि का? हा क्रम चूक आहे की मत आहे?"

मी म्हणालो, "बाई, शिलाई माझी आहे. दुसरं नाव सापडत नाही. माझंच नाव लिहा. चूक म्हणून."

"लिहू नका."

आवाज मागून आला. बायको उभी होती. टोपडी हातात.

"ती पानं मी लावली," ती म्हणाली. "पडली होती वाऱ्याने, पण मूळ क्रम कळत होता मला. शाई तक्रारीच्या पानांत गडद, पुढे आभारात फिकी होत गेलेली. मी आजोबांच्या शेजारी बसून हे शिकले होते. मी मुद्दाम बदलली."



परीक्षक बाईंनी विचारलं, "का हो?"

"तेव्हा आमचं बाळ गेलं होतं. महिना झाला नव्हता. सगळे येऊन सांगायचे, देवाने दुसरं खूप दिलंय, त्याचे आभार मान. मी ती पानं वाचली. त्या माणसाचंही मूल गेलेलं. चोवीस पानं भांडला बिचारा. आणि पुढे लगेच सोळा पानं आभार, जसं काही झालंच नाही. मला वाटलं, याला कुणीतरी घाई केली असेल. म्हणून आभार आधी घेतले. खरेच होते ते, टाकून कसे देणार? पण तक्रार शेवटी ठेवली. तिच्यावर कुणी झाकण ठेवू नये म्हणून."  मग म्हणाली, "चुकलं असेल तर माझं चुकलं. ह्यांना काही माहीत नव्हतं. हे खळ आणायला गेले होते."

मी मागे वळलो.  लेक आईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिला माहीत होतं. मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

परीक्षक बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि सगळं लिहून घेतलं, शब्दन् शब्द. मग सरांकडे वळून विचारलं, "तुम्ही बावीस वर्षं हेच शिकवत होता ना?"

सर म्हणाले, "बाई, हेच. फक्त लेखकाचं नाव चुकीचं सांगत होतो."

पदवी मिळाली. चौथं प्रकरण पंधरा दिवसांत पूर्ण करून द्यायच्या अटीवर. सर बाहेर येऊन बायकोपुढे उभे राहिले, हात जोडले. म्हणाले, "अस्तरावरूनच मला शंका आली होती. निरपराध माणूस परक्याचा कोट एवढा मन लावून शिवत नाही." बायको लाजेने लाल. म्हणाली, "अहो सर, बाहीसुद्धा उसवलीय, आणून द्या."

१५ मार्च

सकाळी मी तिला विचारलं, बावीस वर्षं सांगितलं का नाहीस?

"तुम्ही बांधणी झाल्यावर किती खूश होता. म्हणालात, बघ, किती सरळ बसलीत पानं. मग कुठे बोलू?"

"नंतर?"

"नंतर सर त्यावर शिकवायला लागले. पाळक त्यावर बोलायला लागले. तुमच्या आईच्या वेळी सगळं चर्चभर तेच. मी मागे बसून ऐकायचे. मला बरं वाटायचं हो. कुणीतरी माझं ऐकल्यासारखं."

मी तिथेच शेजारी बसून असायचो.

२७ मार्च

चौथं प्रकरण दिलं. यात 'अज्ञात' हा शब्द कुठेही नाही.

वहीचं काय करायचं त्याची आज सभा झाली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, मूळ क्रमाने बांधा. सर म्हणाले, आहे तशीच ठेवा. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, लिहिणाऱ्याचा क्रम लिहिणाऱ्याला परत द्यायला हवा, हा धंद्याचा नियम आहे. पण मी दोन खूणफिती लावतो. एक संस्थापकांच्या सुरुवातीला, एक तिच्या. वाचणाऱ्याने ठरवावं कुठून जायचं.

घरी येऊन बायकोला म्हटलं, फितीचं कापड दे. तिने चिंध्यांची टोपली उलटी केली आणि अर्धा तास निवडत बसली. संस्थापकांना करडा रंग दिला. स्वतःला झेंडूपिवळा. मी म्हटलं, जरा भडक नाही का? "दिसायला नको का?" म्हणाली.

३१ मार्च

सरांचा निरोप समारंभ आणि पुस्तकाचं प्रकाशन. पहिली प्रत मी चामड्यात बांधली, पाठीवर सोनं. सरांनी शेवटचा भाग नवा लिहिला आहे. पान एकशे बाराच्या तळाशी, बारीक अक्षरात : 'या क्रमाचं श्रेय मी बावीस वर्षं संस्थापकांना दिलं. तो एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा आहे. मी त्यांचा विद्यार्थी आहे, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.'

बायकोने ते तीनदा वाचलं. मग म्हणाली, "एवढं खाली का छापलंय?"

सर म्हणाले, "बाई, माझ्या पुस्तकात सगळं महत्त्वाचं तिथेच असतं."

६ एप्रिल

रविवार. उपासनेहून आल्यावर मी तिला म्हटलं, आज मशीन बंद. बस इथे. त्या वेळचं सांग.

"आता काय सांगायचं? इतकी वर्षं झाली."

"मी काम वाढवून घेतलं होतं. तू एकटी घरी होतीस. सांग."

आधी म्हणाली काही नाही. मग खळीच्या वासाबद्दल बोलली. तेव्हा त्या वासाने तिला मळमळायचं आणि मी तसाच घरी यायचो. मग मी त्या आठवड्यात एकदाही तिच्याजवळ बसलो नाही त्याबद्दल. माझ्या आईने केलेल्या शेऱ्याबद्दल. बाळासाठी शिवलेल्या टोपड्याबद्दल. ते तिने पुढे दुसऱ्या कुणाच्या बाळाला दिलं आणि मी विचारलंसुद्धा नाही, कुठे गेलं म्हणून. मग सरकत सरकत आजपर्यंत आली : गळणारा नळ, चादरीवरचे खळीचे डाग, तीन वेळा सांगून न बदललेला दिवा, ग्रीक पाठ करताना मी करतो ते आवाज. तास सव्वा तास. मी मध्ये बोललो नाही. दोनदा रडली, एकदा मला रडवलं, दिव्यापाशी दोघंही हसलो.

शेवटी पदर झटकून उठली. म्हणाली, "बरं झालं बाई. देवाचे आभार. चहा टाकते."

म्हणजे संस्थापकांचाही क्रम बरोबरच होता. फक्त मधे कुणीतरी ऐकायला बसायला हवं.

दिवा बदलला.